विरस भूमीची चिकित्सा : उजाड वनभूमीवरील वृक्षारोपण आणि मातीचे स्वास्थ्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रासली जातात, हा त्या अध्यायाचा प्रधान विषय. साथीच्या रोगांचे विवेचन करताना आपण त्याचा आधार घेतो. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी आलेल्या एका सूचनेकडे आपले तितकेसे लक्ष जात नाही. काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावरील वनात फिरत असताना पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून संग्रही ठेवाव्यात. एरवी त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नाहीसे होतील. रुग्णांच्या चिकित्सेची तजवीज सांगण्याआधी आचार्यांना मातीची चिंता वाटली, ही गोष्ट मननीय आहे.

एकदा विरस झालेली भूमी पुन्हा सरस होऊ शकते काय, उजाड वनभूमीवर झाडे लावली म्हणजे ती सरस होतेच काय, आणि वैद्याचा या प्रश्नाशी संबंध किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. विवेचनासाठी आम्ही निघोजे परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

निघोजे परिसर : एका तालुक्यातील दोन देश

निघोजे हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील, इंद्रायणीच्या उत्तर अंगाचे गाव. शेजारी महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, मोई ही गावे. गेल्या सुमारे तीन दशकांत हा टापू चाकण औद्योगिक क्षेत्रात आला आणि वाहननिर्मितीचे एक मोठे केंद्र बनला. शेतजमिनींवर कारखाने, गोदामे व रस्ते झाले. अशा परिसरात मोकळी माती उरते ती नदी-ओढ्यांच्या काठी, गायरानात, माळावर, डोंगरउतारांवर आणि कारखान्यांच्या आवारात राखलेल्या हरितपट्ट्यांत. वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात ते प्रामुख्याने याच जागांवर. म्हणून त्या जागांची प्रकृती प्रथम समजून घ्यावयास हवी.

खेड तालुक्याचे पश्चिम टोक भीमाशंकरच्या डोंगररांगेला भिडलेले आहे. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सदाहरित व निमसदाहरित वन आहे, हिरड्याची झाडे आहेत, देवराया आहेत. १९८५ साली तेथे शेकरूच्या रक्षणार्थ अभयारण्य घोषित झाले. पूर्वेकडे, चाकण-निघोज्याच्या बाजूला येईपर्यंत पाऊस त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरतो. खडक दोन्हीकडे एकच, काळा कातळ. पण माती निराळी. डोंगरउतारावर मुरमावरचा वीतभर तांबूस थर, तर नदीकाठी खोल काळी जमीन. संहितेच्या भाषेत सांगावयाचे तर एकाच तालुक्यात आनूपाकडे झुकणारा आणि जांगल, असे दोन देश नांदत आहेत. भीमाशंकरला जे रोपण पथ्यकर ठरेल ते निघोज्याला ठरेलच असे नाही.

माती विरस होते म्हणजे काय होते?

वाग्भटाने देश दोन प्रकारचा सांगितला आहे, भूमिदेश आणि देहदेश. या दृष्टीने पाहता मातीच्या स्वास्थ्याची संकल्पना वैद्यास परकी वाटू नये. सुदृढ वनाच्या मातीत खनिज कणांबरोबर कुजलेला पालापाचोळा, हवा, पाणी आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे कण एकमेकांस धरून राहतात व त्यांचे रवे बनतात. रव्यांमधील पोकळ्यांतून पाणी मुरते आणि मुळे श्वास घेतात. मातीतील बुरशीचे तंतू मुळांशी सख्य करून त्यांना स्फुरद व पाणी पुरवितात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. गांडुळे, मुंग्या व वाळवी पाचोळा खाली ओढतात आणि खालची माती वर आणतात.

उष्ण कटिबंधातील वनांचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथे उष्णता व ओल यांमुळे पाचोळा झपाट्याने कुजतो आणि त्यातील पोषकद्रव्ये मुळे लगेच उचलतात. वनाची पुष्कळशी पोषणसंपत्ती अशा रीतीने मातीत साठण्याऐवजी सजीव झाडोऱ्यात फिरती राहते. त्यामुळे झाडोरा तोडला, जाळला किंवा वाहून नेला की ते चक्र तुटते. उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब थेट आदळतात, रवे फुटतात, बारीक कण छिद्रे बुजवितात, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही. ते वाहते आणि जाताना सुपीक थर घेऊन जाते. गुरांच्या खुरांनी व वाहनांच्या चाकांनी माती दबते. दरवर्षीच्या वणव्याने उरलासुरला पाचोळा जळतो. इंचभर माती तयार होण्यास शतके लागतात. ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात.

देश दुष्ट झाल्याची जी लक्षणे चरकांनी सांगितली त्यांत प्रथम उल्लेख आहे तो स्वाभाविक वर्ण, गंध, रस व स्पर्श बदलण्याचा. सेंद्रिय द्रव्य घटले की मातीचा गडद वर्ण फिका पडतो, मृदू स्पर्श कठीण होतो. गंधाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. पहिल्या पावसानंतर दरवळणारा मृद्गंध मुख्यत्वे मातीतील विशिष्ट जिवाणूंनी निर्माण केलेल्या द्रव्यापासून येतो. माती निर्जीव झाली की तिचा वासही मंदावतो. गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण मानणाऱ्या शास्त्राला हे निरीक्षण जवळचे वाटावे.

रोपणाने मातीत काय सुधारते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उजाड भूमीवर झाडे लावल्याने मातीला लाभ होतो का? होतो, आणि त्याचे मार्गही स्पष्ट आहेत. पर्णछत्र व त्याखालचा झाडोरा थेंबांचा मारा झेलतो. मुळे मुरमात शिरून वाटा पाडतात. जुनी मुळे कुजली की त्याच वाटांनी पाणी उतरते. खोल गेलेले मूळ खालचे क्षार वर आणते व पानगळीतून पृष्ठभागाला देते. खैर, बाभूळ, शिरीष, करंज अशा शिंबी कुळातील वृक्षांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र मातीला उपलब्ध करून देतात. येथे एक सावधगिरीची सूचना. शिंबी कुळातील प्रत्येक वृक्ष हे कार्य करतोच असे नाही. आपला आरग्वध, म्हणजे बहावा, याच कुळातील असूनही त्याच्या मुळांवर अशा गाठी धरत नाहीत.

सुधारणेला किती काळ लागतो, याविषयी २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक अध्ययन महत्त्वाचे आहे. अमेरिका खंडातील व पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणच्या, शेती वा चराई थांबल्यावर आपोआप वाढलेल्या वनांची त्यात तुलना केली होती. मातीची घनता, तिच्यातील कर्ब व नत्र हे गुण साधारण दहा वर्षांच्या आत जुन्या वनाच्या जवळपास पोचले. वनाची रचना व वृक्षजातींची संख्या पूर्ववत होण्यास पंचवीस ते साठ वर्षे, तर एकूण जैवभार आणि मूळची जातिरचना परत येण्यास शतकाहून अधिक काळ लागेल, असा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष आशादायक असला तरी त्याची मर्यादा जाणून घ्यावी. ती भूमी कमी ते मध्यम प्रमाणात वापरली गेलेली होती. तिच्यात जुनी मुळे व बीजे शिल्लक होती, आसपास बीज पुरविणारे वन होते. साध्य व्याधीचा तो इतिहास होय. जेथे वरचा थरच वाहून गेला आहे, माती दबली आहे आणि जवळपास मातृवृक्ष उरलेले नाहीत, तेथे व्याधी कृच्छ्रसाध्य समजावा. तेथे दहा वर्षांची अपेक्षा धरणे म्हणजे जीर्णज्वराला नवज्वराची मुदत देण्यासारखे आहे.

कृच्छ्रसाध्य भूमीही सुधारते, याची उदाहरणे आहेत. ब्राझीलमधील रिओ द जानेरो नगराच्या वरच्या तिजुका डोंगरांवरील वन कॉफीच्या मळ्यांसाठी तोडले गेले. उतार धुपले, नगराला पाण्याची टंचाई भासू लागली. तेव्हा १८६१ पासून तेथे शासनाने पुनर्रोपण आरंभिले. आरंभीचे कष्टाचे काम गुलाम मजुरांकडून करून घेतले गेले, हेही नमूद केले पाहिजे. लावलेल्या झाडांच्या आश्रयाने पुढे वन आपोआप वाढले आणि आज तेथे राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या देशात १९६८ साली पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिल वसले तेव्हा तेथील तांबडे पठार ओहोळांनी फाटलेले होते. तेथे आधी बांध घालून पाणी अडविले गेले, मग काटक व जलद वाढणारी झाडे लावली गेली आणि त्यांच्या सावलीत स्थानिक शुष्क सदाहरित वनातील वृक्ष आणले गेले. दोन्हीकडे क्रम एकच दिसतो. प्रथम धूप थांबली, मग आश्रय मिळाला, आणि मग वैविध्य आले.

रोपणाने माती केव्हा बिघडते?

२०१६ साली महाराष्ट्रात २ कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला. पुढे २०१७, २०१८ व २०१९ या वर्षांसाठी अनुक्रमे ४, १३ व ३३ कोटींचे संकल्प सोडण्यात आले. इतक्या व्यापक प्रमाणावर लोक मातीपर्यंत पोचले, हे स्वागतार्हच होय. परंतु लावलेल्या रोपांची संख्या ही दिलेल्या औषधाची मात्रा आहे. रुग्णास आलेला उपशय तिच्यावरून कळत नाही. रोपण करूनही माती न सुधारण्याची, क्वचित अधिक बिघडण्याची कारणे पुढीलप्रमाणे दिसतात.

पहिले कारण, एकाच जातीची लागवड. पुणे शहराच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेले गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड आहे. ते जलद वाढते, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, त्याचा पाला नत्रयुक्त असल्याने शेतात हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. हे गुण खरेच आहेत. परंतु नत्रयुक्त पाला लवकर कुजून जातो. मातीत दीर्घकाळ टिकणारा कर्ब वाढण्यास लवकर कुजणारा व सावकाश कुजणारा, असा मिश्र पाचोळा लागतो. निव्वळ गिरिपुष्पाच्या दाटीत स्थानिक रोपे फारशी उठत नाहीत. उलट पक्षी, ऑस्ट्रेलियन बाभळीचा चिवट पाचोळा सावकाश कुजतो व थर साचून राहतो. केवळ साग लावल्यास आणखी एक अडचण येते. त्याच्या रुंद पानांवर पाणी साचून मोठे थेंब उंचावरून पडतात आणि खाली झुडपे-गवत नसेल तर धूप होते.

दुसरे कारण, रोपणाची रीत. उतारावर यंत्राने सरसकट खोदाई केली, असलेले गवत व झुडपे रोपांना अडचण म्हणून काढून टाकली, तर जी थोडी माती मुळांनी धरून ठेवली होती तीही सुटते. समपातळीवरील चर पाणी मुरविण्यास उपकारक आहेत. तेच उताराच्या दिशेने कलले तर ओघळ बनतात. अलीकडे शहरांतून लोकप्रिय झालेली मियावाकी पद्धत स्थानिक वृक्षांचा पुरस्कार करते, हे तिचे वैशिष्ट्य. मात्र तिच्यात माती खोल उकरून तीत भरपूर सेंद्रिय द्रव्य मिसळावे लागते. भरावाच्या लहान तुकड्यांवर ती शोभते. डोंगरउतारावर तिचे अनुकरण करू नये.

तिसरे कारण, निदानपरिवर्जनाचा अभाव. ज्या हेतूने व्याधी झाला तो हेतू चालू ठेवून औषध दिल्यास यश येत नाही, हे आपण रुग्णास रोज सांगतो. मोकाट चराई, वणवा, तोड व मुरमाचे उत्खनन चालू असताना लावलेली रोपे ही तशीच चिकित्सा होय. राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांचे नियम ग्रामस्थांच्या संमतीने पाळले, आणि त्यांच्या यशात लावलेल्या रोपांइतकाच या पथ्याचा वाटा आहे.

जांगल देश हा रोग नव्हे

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे, आणि निघोज्यासारख्या टापूत ते सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक उघडा माळ हे बिघडलेले वन नसते. ‘जंगल’ हा शब्द आज आपण निबिड अरण्यासाठी वापरतो. परंतु ज्या ‘जांगल’ शब्दाशी त्याचे नाते आहे, त्याचा संहितांतील अर्थ विस्तीर्ण आकाशाचा, अल्प पाण्याचा, विरळ झाडीचा प्रदेश असा आहे. फ्रेंच विद्वान फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात या अर्थांतराचा सविस्तर परामर्श घेतला. चरकांनी कल्पस्थानात जांगल देशाचे वर्णन करताना खदिर, असन, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, आमलकी अशा वृक्षांची नावे दिली आहेत. खैर, धावडा, सालई, बोर, आवळा ही त्यांतील नावे दख्खनच्या पठारावरील कोणाही वैद्यास ओळखीची आहेत.

या संदर्भात २०२५ साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन मराठी वाचकास विशेष अभिमानास्पद वाटावे. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून त्यांनी असे दाखविले की, पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातील विरळ झाडीचे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षांपासून अस्तित्वात आहेत. म्हणजे ते अलीकडच्या वृक्षतोडीचे अवशेष नव्हेत. ती त्या भूमीची प्रकृतीच होय. अशा जागी गवताची दाट मुळे हीच मातीची धारक असतात आणि कर्बाचा मोठा भाग जमिनीखाली साठलेला असतो. तेथे खड्डे खणून दाट झाडी लावणे म्हणजे प्रकृतीलाच विकृती समजून चिकित्सा करणे होय.

औषधी-संग्रहासाठी प्रशस्त भूमी सांगताना चरकांनी दिलेली विशेषणे येथे पुन्हा आठवावीत. कुश व रोहिष या गवतांनी आच्छादलेली, स्निग्ध, मृदू, काळ्या अथवा सुवर्णवर्णाच्या मधुर मातीची, नांगराने न उकरलेली आणि जेथे अधिक बलवान वृक्षांनी औषधींना दाबून टाकलेले नाही अशी ती भूमी असावी. गवत, अस्पृष्ट माती आणि बलाढ्य वृक्षांची दडपणूक नसणे या तीन अटींशी आधुनिक मृदाशास्त्राचे निष्कर्ष जुळतात, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल.

दशमूळ : एका भूभागाचे चित्र

वैद्याचा या विषयाशी किती निकटचा संबंध आहे, हे दाखविण्यास दशमूळ हे एकच उदाहरण पुरेसे आहे. बृहत्पंचमुळातील बेल, ऐरण, टेटू, शिवण व पाडळ हे वृक्षवर्गातील आहेत. त्यांना खोल माती व पानझडी वनाची सोबत मानवते. लघुपंचमुळातील सालवण व पिठवण ही लहान शिंबी झुडपे वनाच्या कडेला, विरळ सावलीत वाढतात. रिंगणी व गोखरू यांना मोकळे ऊन लागते. डोरली बांधाकडेला येते. म्हणजे संपूर्ण दशमूळ एकाच परिसरातून हवे असेल तर तेथे वन, वनाची कड आणि मोकळा माळ असे तिन्ही शिल्लक असावे लागतात. सलग गिरिपुष्पाखाली दशमूळ सापडणार नाही; आणि केवळ दाट वृक्षराजी उभी केल्यास त्यातील निम्मी द्रव्ये लुप्त होतील.

शिवाय ही मुळे आहेत. मूळ काढणे म्हणजे माती उकरणे. उतारावरील वन्य वनस्पती बाजारासाठी समूळ उपटल्या जातात तेव्हा वनस्पती जाते आणि मातीही सुटते. आपल्या काढ्याच्या भरडीसाठी कोणता उतार मोकळा झाला, हा प्रश्न भेषजविक्रेत्यास विचारणे हे आपले कर्तव्य ठरते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली. तेव्हापासून लागवडीस साहाय्य मिळू लागले आहे. त्या साहाय्याचा विनियोग वनभूमीच्या पुनरुज्जीवनाशी जोडला गेला तर एका कृतीत दोन हेतू साधतील.

औद्योगिक परिसराच्या बाबतीत एक निषेध मात्र स्पष्ट शब्दांत सांगावयास हवा. रस्त्यालगत वा कारखान्यालगत हरितपट्ट्यात लावलेला अर्जुन, बेल किंवा कडुनिंब धूळ अडवितो, सावली देतो, माती सुधारतो. त्याने एवढे केले म्हणजे पुष्कळ झाले. परीक्षणावाचून त्याची साल वा मूळ औषधार्थ घेऊ नये. काही वनस्पती मातीतील जड धातू शोषून घेतात. आयुर्वेदीय वनस्पतिद्रव्यांत शिसे दशलक्ष भागांत १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग याहून अधिक नसावे, अशी मर्यादा ठरविलेली आहे. सुश्रुतांनी भूमिप्रविभागीय अध्यायात श्मशान, वारूळ, खाचखळगे, क्षारयुक्त जमीन अशी स्थाने औषधी-संग्रहास वर्ज्य सांगितली. आजच्या काळात त्या यादीत सांडपाण्याचा ओढा व औद्योगिक भराव यांची भर घालणे हे शास्त्राच्या आशयाला धरूनच होईल.

भूमीची परीक्षा आणि चिकित्साक्रम

वैद्यवर्गास सहज करता येईल अशी भूमिपरीक्षा आम्ही येथे त्रिविध परीक्षेच्या क्रमाने सुचवितो.

दर्शन : जमिनीवर पाचोळ्याचा थर आहे का? तो उचलल्यास खाली अर्धवट कुजलेला काळपट भाग दिसतो का? गांडुळांची विष्ठा, बुरशीचे पांढरे तंतू आढळतात का? झाडांखाली स्थानिक वृक्षांची आपोआप उगवलेली रोपे आहेत का?

स्पर्शन : वाळलेले ढेकूळ अलगद पाण्यात सोडावे. ते टिकून राहिले तर रवे बळकट आहेत. तत्काळ विरघळून गाळ झाला तर सेंद्रिय बंध क्षीण झाला आहे असे समजावे. वीतभर खोल खड्ड्यात पाणी ओतून ते मुरण्यास लागणारा वेळ नोंदवावा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा मोजावा.

प्रश्न : येथे पूर्वी काय होते, हे गावातील वृद्ध गुराखी, शेतकरी व ओढ्याकाठी भाजी गोळा करणाऱ्या स्त्रिया यांना विचारावे. माळ होता की रान होते, कोणते गवत वाढे, वणवा केव्हा लागे, हा इतिहास निदानास अत्यावश्यक आहे. याशिवाय माती-परीक्षण प्रयोगशाळेतून सेंद्रिय कर्बाचे प्रमाण काढून घ्यावे. ०.५ टक्क्याहून कमी असल्यास अल्प, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास उत्तम, असे सामान्यतः मानले जाते.

चिकित्साक्रमही परिचितच आहे. आरंभी निदानपरिवर्जन, म्हणजे चराई, वणवा व उत्खनन यांना आळा. अनेक जागी एवढ्यानेच जुन्या खोडांना धुमारे फुटतात आणि रोपणाची गरजही उरत नाही. त्यानंतर जलसंधारण. मग, जेथे भूमी खरोखर वनाची आहे तेथे, स्थानिक मिश्र वृक्षांचे रोपण : उतारावर खैर, धावडा, सालई, आवळा, बेल, खोल मातीत शिवण व पाडळ, ओढ्याकाठी अर्जुन, करंज व उंबर. उंबर व वड यांच्या फळांसाठी पक्षी येतात आणि त्यांच्या विष्ठेतून इतर वृक्षांची बीजे आपोआप पडतात. पूर्वी लावलेले गिरिपुष्प एकदम तोडू नये. त्याची दाटी टप्प्याटप्प्याने विरळ करून पाला तेथेच पसरावा आणि मोकळ्या जागी स्थानिक रोपे लावावीत. पाचोळा जाळू नये, झाडूही नये. माळाच्या जागी मात्र गवतच राखावे.

बीज कोठून आणावे, या प्रश्नाचे उत्तर खेड-आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील देवरायांत आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वज्जगतापुढे मांडले. तेथील न उकरलेली माती ही निरोगी भूमीचा आदर्श नमुना आहे. आपल्या भूमीची तुलना करावयाची ती अशा जवळच्या, त्याच पाऊसमानाच्या निरोगी भूमीशी. भीमाशंकरच्या देवराईचे माप निघोज्याच्या माळाला लावता येणार नाही. त्यासाठी पठारावरील एखादे राखलेले देवस्थानचे रान किंवा जुने गवती कुरणच शोधावे लागेल.

उपसंहार

उजाड वनभूमीवरील रोपण मातीस हितकर ठरते, पण ते देश, काल, मात्रा व सात्म्य यांचा विचार करून केले तरच. मातीची पहिली सुधारणा काही वर्षांत दिसू शकते. वनाची पूर्णता आपल्या नातवंडांच्या काळात येईल. आपल्या संघटनेच्या शाखा धन्वंतरी जयंतीस किंवा पावसाळ्याच्या आरंभी वृक्षारोपणाचे कार्यक्रम योजितात. त्या प्रत्येक कार्यक्रमास यापुढे तीन गोष्टींची जोड द्यावी, अशी आमची विनंती आहे : रोपणापूर्वी भूमीची लेखी परीक्षा, निदान पाच वर्षे संगोपनाची जबाबदारी, आणि दरवर्षी मातीच्या त्याच परीक्षांची नोंद. निघोजे परिसरात काम करणाऱ्या वैद्यांनी एखादे गायरान वा ओढ्याचा एक काठ निवडून आरंभ केला तरी चालेल. पाच वर्षांच्या पाच नोंदी एकत्र ठेवल्या तर हजारो रोपांच्या आकड्यांपेक्षा त्या अधिक उपयुक्त ठरतील.

आचार्यांनी अग्निवेशास भूमी विरस होण्याआधी औषधी काढून ठेवण्यास सांगितले. संग्रह मात्र कधी ना कधी संपतो. त्यानंतर वैद्यास पुन्हा मातीकडेच यावे लागते, आणि तेव्हा ती सरस असावी म्हणून आजच झटले पाहिजे.